टेलिंग पाँडमधून आंबट, तांबडे पाणी: पाण्याखाली बुडवायचे, चुना घालायचा की दोन्ही?

खाणकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दक्षिण सिंधुदुर्गातल्या एका बंद खाणीचा समापन आराखडा नव्याने करायचा आहे. जांभ्याखाली लिग्नाइटचे तुकडे असलेली काळी माती लागली होती. ती आणि धुलाईचा बारीक गाळ एकाच टेलिंग पाँडमध्ये (खाणीच्या टाकाऊ गाळाच्या तळ्यात) टाकलेला आहे. काळ्या मातीत पायराइट आहे, म्हणजे हवा-पाण्याने गंजून आम्ल सोडणारे लोह-गंधकाचे खनिज, आणि त्रास तिथूनच सुरू होतो.

आकडे असे. पाँडमध्ये १८,००० घनमीटर गाळ आहे, वरचा पृष्ठभाग ०.४५ हेक्टर, गाळाची सरासरी जाडी ४ मीटर. बांध जांभ्याच्या रबाळाचा (फुटक्या तुकड्यांचा) आणि मातीचा, ५ मीटर उंच, तळाला अस्तर नाही. सल्फाइड गंधक १.८ टक्के, कार्बोनेट जवळजवळ शून्य. वरच्या ६० सेंटिमीटरचा पेस्ट पीएच (गाळ पाण्यात कालवून मोजलेला) २.९ आणि रंग पिवळट-तांबडा, त्याखालचा गाळ करडा-काळा आणि पीएच ६.१. आम्लता चुनखडीच्या हिशेबात (म्हणजे ती मारायला किती चुनखडी लागेल) वरच्या थरात टनाला १४ किलो, खालच्यात टनाला १ किलो.

बांधाच्या पायथ्याशी पावसाळाभर सेकंदाला साधारण ३ लिटर पाझर असतो, मे महिन्यात तो ०.२ वर येतो. पाझराचा पीएच ३.२, फेरस (न गंजलेले) लोह ६०, फेरिक (गंजलेले) लोह २०, अॅल्युमिनियम १५, मँगनीज ५ आणि सल्फेट ९०० मिलीग्रॅम प्रति लिटर. हे पाणी व्हाळातून (ओढ्यातून) भातखाचरांत उतरते.

शेजारीच जुना खाणखड्डा आहे. काठोकाठ भरला की पाण्याचा पृष्ठभाग १.२ हेक्टर, तळ अर्धा हेक्टर, खोली १४ मीटर. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पातळी २.१ मीटर उतरते. खड्ड्यातल्या पाण्याचा पीएच ५.८ आहे. उत्तरेच्या भिंतीत तोच काळा थर काठापासून दीड मीटर खाली दिसतो.

पाँडवरच पाणी उभे करून ठेवावे, की गाळ उचलून खड्ड्यात बुडवावा? चुना किती, कोणता आणि कधी? खाडीचे पाणी आणून सोडा, असाही एक सल्ला मिळतो आहे.

---

चुनाभट्टी

दोन्ही करावे लागेल, आणि चुना आधी. बहुतेक आराखडे इथेच चुकतात, म्हणून कारणासकट लिहितो.

पाण्याखाली पायराइट का थंडावतो? पाण्यात ऑक्सिजन फार कमी मावतो. आपल्याकडच्या तापमानाला लिटरमध्ये जेमतेम ८ मिलीग्रॅम. तेवढ्याच हवेत तो पावणेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय स्थिर पाण्यातून तो झिरपतो हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट हळू. म्हणून न गंजलेला करडा गाळ पाण्याखाली गेला की वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहू शकतो.

वरच्या ६० सेंटिमीटरचे तसे नाही. तो थर आधीच गंजला आहे. त्यात फेरिक लोह आहे, आणि पिवळा रंग बहुधा जॅरोसाइटचा, म्हणजे आम्ल पोटात धरून बसलेल्या क्षाराचा. फेरिक लोह स्वतःच पायराइट खाते, त्याला ऑक्सिजन लागत नाही. हा थर तसाच बुडवला तर साठलेले आम्ल एकदम पाण्यात उतरते आणि खालच्या ताज्या पायराइटलाही लागते. मग ‘पाणी भरल्यावर पीएच आणखी घसरला’ अशी तक्रार येते. मालवणीत सांगायचे तर आधी चुनो, मगे पाणी.

आता हिशेब. एक टक्का पायराइटी गंधक पूर्ण गंजला तर टनामागे ३१.२५ किलो चुनखडी लागते. तुमच्या १.८ टक्क्याला ५६.२५ किलो. घनता घनमीटरला दीड टन धरली तर गाळ २७,००० टन होतो, आणि नुसत्या चुन्याने सगळे निपटायचे म्हटले तर १,५०० टनांवर शुद्ध चुनखडी. एवढी आणायची कुठून? कोकणात चुनखडीच्या खाणी नाहीत, घाटावरून येणाऱ्या मालाचे भाडेच मालाच्या किमतीला भिडते.

बुडवणार असाल तर फक्त आज मोकळी असलेली आम्लता मारायची. वरचा थर २,७०० घनमीटर, म्हणजे ४,०५० टन. टनाला १४ किलोने ५७ टन. खालचे २२,९५० टन, टनाला १ किलोने २३ टन. एकूण ८०. दीडपट सुरक्षिततेने १२० टन, आणि मालाची परिणामकता ८५ टक्के धरली तर १४१ टन पूड. दीड हजाराऐवजी दीडशेच्या आत. पाण्याने वाचवले ते एवढे.

मात्र ते १४ किलो कुठल्या पद्धतीने मोजले, हे प्रयोगशाळेला विचारा. पोटॅशियम क्लोराइडच्या अर्काच्या टायट्रेशनमध्ये जॅरोसाइट धरला जात नाही. ४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात निघणारा गंधक मोजून त्यातून पोटॅशियम क्लोराइडवाला वजा करायला सांगा, आणि त्या फरकाची आम्लता १४ मध्ये मिळवा. शेतीच्या माती-तपासणीत ‘चुन्याची गरज’ म्हणून जो आकडा देतात तो इथे बिनकामाचा. त्यात पायराइट येतच नाही.

---

सांडवा

पाँडवर जागेवरच पाणी उभे करण्याचा विचार सोडून द्या. कारण रसायनाचे नाही, बांधाचे आहे.

आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो म्हणून लोकांना वाटते पाणी हवे तेवढे. पण गाळावरच्या पाण्याच्या आच्छादनाची खोली ठरते मेअखेरच्या पातळीवर, ऑगस्टच्या नव्हे. ऑक्टोबर ते मे सुमारे २४० दिवस, दिवसाला साडेचार मिलीमीटर बाष्पीभवन धरले तर १.०८ मीटर उडून जाते. तुमच्या खड्ड्याची पातळी २.१ मीटर उतरते, म्हणजे उरलेला मीटरभर जांभ्यातून झिरपतो. पाँडला अस्तर नाही, तिथेही तेवढाच पाझर धरा. मे महिन्यात गाळावर किमान १ मीटर पाणी हवे, नाहीतर वाऱ्याच्या लाटांनी गाळ ढवळतो. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला ३.१ मीटर पाणी लागणार. बांध ५ मीटर, गाळ ४ मीटर. बांध तीन-साडेतीन मीटर उचलून रबाळाच्या बांधामागे बारमाही तळे ठेवायचे, आणि खाली भातखाचरे. चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले ते मातीचेच होते. बांधामागे कायम पाणी राहिले की बांधाच्या पोटातली ओलाव्याची रेषा वर चढते, पायथ्याला माती धुपू लागते. कोरड्या गाळासाठी बांधलेला बांध तळ्यासाठी बांधलेला नसतो.

खड्ड्याचे गणित उलट आहे. १८,००० घनमीटर गाळ अर्ध्या हेक्टरच्या तळावर साडेतीन मीटरच्या आसपास चढेल, भिंती बाहेर झुकलेल्या असल्या तर त्याहून कमी. वर दहा मीटर पाणी, मे महिन्यातही आठ. लाटांचा प्रश्नच उरत नाही, आणि फुटायला बांध नाही.

स्वीडनमध्ये स्टेकेनयोकचा गाळ १९९१ मध्ये पाण्याखाली घेतला तेव्हा लाटा मोडण्यासाठी तळ्यात आडवे बांध घालावे लागले होते. कॅनडात एलियट लेकच्या युरेनियम गाळावरही पाणी उभे केले, पण उतारावर पायऱ्यांसारखे कप्पे पाडून, आणि चुन्याची जोड देऊन. दोन्हीकडे बाष्पीभवन आपल्या मानाने थोडे, म्हणून त्यांची एक-दोन मीटरची खोली जशीच्या तशी उचलू नका.

आणखी एक, जे तुमच्या आकड्यांतच आहे. ०.४५ हेक्टरवर ३,००० मिलीमीटर म्हणजे १३,५०० घनमीटर. चार महिन्यांत वाटले तर सेकंदाला सरासरी १.३ लिटर, तेही सगळे मुरले तर. तुमच्याकडे पावसाळाभर ३ लिटर येते. उरलेले पाणी डोंगराकडून पाँडमध्ये घुसते आहे. यंदाच्या मे महिन्यात वरच्या अंगाला चर खणून ते बाजूने व्हाळात काढा. चर जांभ्यात खणाल तर तळाला चिकणमाती ठोकून बसवा, नाहीतर चरातले पाणी जांभ्याच्या भोकांतून पुन्हा पाँडखालीच जाईल. एवढ्याने पाझर निम्म्यावर यायला हवा, आणि चुन्याचा खर्चही.

---

खाणकाठ

चराचे डोक्यात आले नव्हते. वरच्या बाजूला उतार आहे खरा, आणि पाँडच्या कडेला पावसाळ्यात झरा वाहताना दिसतो.

आता खड्डाच धरून चालतो. तीन शंका: (१) गाळ हलवायचा कसा, खड्डा उपसून रिकामा करायचा का? (२) पहिली एक-दोन वर्षे पायथ्याचा पाझर चालूच राहील, त्यावर काय? (३) खाडीचे पाणी आणि शिंपल्यांचा चुना, दोन्हींचा आग्रह होतो आहे. खाडी चार किलोमीटरवर आहे.

---

तिसऱ्या_कालवं

तिसऱ्या शंकेपुरते बोलतो.

खाडीचे पाणी नको. समुद्राच्या पाण्याची क्षारता (खारेपणा नव्हे, आम्ल मारण्याची ताकद) चुनखडीच्या हिशेबात लिटरला ११५ ते १२० मिलीग्रॅम. एक टक्का गंधक असलेल्या एका टनाचे पूर्ण आम्ल मारायला २६५ घनमीटरच्या वर समुद्र लागेल. खाडीत पावसाळ्यात गोडे पाणी मिसळते, तेव्हा त्याहूनही जास्त. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरला २,७०० मिलीग्रॅम सल्फेट असते. तळाशी पालापाचोळा कुजत असेल तर त्याच सल्फेटमधून सडक्या अंड्यांचा वास येणारा वायू सुटतो. आणि जांभ्यातून मीटरभर झिरपणाऱ्या खड्ड्यात खारे पाणी भरले तर आसपासच्या विहिरी व माडबागा गेल्याच.

शिंपले मात्र चांगला माल. तिसऱ्या-कालवांच्या कवचात ९० टक्क्यांच्या वर कॅल्शियम कार्बोनेट असते. अट एकच, २ मिलीमीटरच्या खाली दळून घ्या. अख्खे शिंपले आम्ल-लोहाच्या पाण्यात टाकले की त्यांच्यावर तांबडे कवच चढते आणि आतला चुना तसाच राहतो. चुनखडीच्या खड्यांचेही हेच होते. मिठासाठी एक पावसाळा उघड्यावर धुऊन घेतलेले शिंपले घ्या. भाजून केलेला शिंपल्यांचा चुना लोह लवकर बसवण्यासाठी ठीक, पण भट्टीत कच्चा राहिलेला बराच असतो. प्रत्येक खेपेचा नमुना १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून उरलेले आम्ल कॉस्टिक सोड्याने मोजा. खरी ताकद कळते.

---

चुनाभट्टी

पहिल्या दोन शंका. दुसरी आधी, कारण पाझर कुणासाठी थांबत नाही.

पीएच ३.२ बघून चुन्याचा अंदाज करू नका. तुमच्या पाण्यातली आम्लता मोजू: हायड्रोजनची ३२, फेरसची १०७, फेरिकची ५४, अॅल्युमिनियमची ८३, मँगनीजची ९. एकूण २८५ मिलीग्रॅम प्रति लिटर. पीएच मीटर जे दाखवतो ते यातले जेमतेम नववा हिस्सा. म्हणूनच चुना घालून पीएच ६ दिसतो, पाणी शंभर फुटांवर जाते, फेरस हवेने गंजते आणि पीएच पुन्हा ४ वर येतो.

३ लिटर सेकंदाला म्हणजे दिवसाला २५९ घनमीटर. चुनखडीच्या हिशेबात ७४ किलो, शुद्ध विरवलेल्या चुन्याच्या हिशेबात ५५ किलो. बाजारातली फक्की (विरवलेल्या चुन्याची पूड) ८५ टक्के शुद्ध आणि वापर ९० टक्के धरला तर दिवसाला ७० किलोच्या आसपास, २५ किलोच्या तीन पिशव्या. चर खणल्यावर निम्मे.

फक्कीचे पाच टक्क्यांचे दूध करा: ७० किलोला १,४०० लिटर पाणी. टाकीत ढवळणी सतत चालू हवी. चोवीस तासांत हे सोडायचे म्हणजे मिनिटाला एक लिटर, आणि खरी डोकेदुखी इथे आहे. एवढ्या बारीक धारेत चुना नळीत बसतो, रात्रीतून नळी गच्च. टाकीतून दीड इंची पाइपने दूध फिरवून परत टाकीतच आणा, आणि या फेरीच्या वाटेतूनच पेरिस्टाल्टिक पंपाने (मऊ नळी दाबत पुढे ढकलणाऱ्या) हवे तेवढे घ्या. कोपऱ्यांना एल्बोऐवजी टी लावून तोंडाला झाकण बसवा, म्हणजे काठी घालून साफ करता येते. सौम्य आम्लाने आठवड्यातून एकदा नळी धुवा.

लक्ष्य पीएच ८.५. फेरिक ३.५ च्या वर, अॅल्युमिनियम ५ ते ६ ला बसते. फेरसला मात्र ८ च्या वर नेऊन हवा द्यावी लागते. १ मिलीग्रॅम ऑक्सिजन ७ मिलीग्रॅम फेरस गंजवतो. तुमच्या ६० ला साडेआठ लागतात, पाण्यात मुळात आठच मावतात. म्हणून चुना मिसळल्यावर ४०-५० सेंटिमीटरच्या तीन-चार चिऱ्याच्या पायऱ्यांवरून पाणी पाडा. मग निवळीची दोन तळी, प्रत्येकी किमान २६० घनमीटर, आळीपाळीने. गाळ दिवसाला ५५-६० किलो कोरडा, पण तो तीन टक्के घनतेचा लगदा असतो: जवळपास दोन घनमीटर. पावसाळ्याचे सव्वादोनशे घनमीटर होतात. याची जागा आत्ताच ठरवा. ज्या आराखड्यात लगद्याचा कोपरा नकाशावर नाही, तो आराखडा पहिल्याच ऑगस्टमध्ये कोलमडतो.

मँगनीज ५ आहे, सोडण्याची मर्यादा २. पीएच ८.५ ला ते बसत नाही, आणि साडेनऊच्या वर नेले तर बाहेर पडणाऱ्या पाण्याची ९ ची मर्यादा मोडते व अॅल्युमिनियम परत विरघळते. निवळीनंतर चुनखडीच्या खड्यांचा उथळ पाट करा, हातभर रुंद, पाणी बोटभर. काही महिन्यांत खड्यांवर काळा थर धरतो आणि तोच मँगनीज ओढतो. इथे खडे चालतात, कारण लोह आधीच गेलेले असते. लोहाची मर्यादा ३ मिलीग्रॅम आहे, ती निवळी नीट झाली तर सहज गाठता येते.

सल्फेट ९०० वरून खाली आणण्याचा प्रयत्न नको. चुन्याने जिप्सम बसते ते सल्फेट दीड-दोन हजारांच्या घरात असेल तेव्हा. त्याखाली चुन्याचा उपयोग नाही.

---

सांडवा

गाळ हलवण्याबद्दल मी लिहितो, चुन्याचा भाग चुनाभट्टींनी दुरुस्त करावा.

खड्डा उपसू नका. जांभ्याखालची पांढरी-गुलाबी चिकणमाती पाण्याच्या दाबावर उभी असते. पाणी झपाट्याने काढले की भिंत घसरते. काठावरून डंपर ओतणेही नको. जाड वेगळा पडतो, बारीक आठवडाभर तरंगत राहतो, आणि जांभ्याचा काठ डंपरखाली कधी बसेल त्याचा नेम नाही.

पाण्यात कालवून पाइपने न्या. खड्ड्यातलेच पाणी घ्यायचे, म्हणजे पाण्याचा हिशेब फिटतो. वजनाने ३० टक्के घन, सहा इंची पाइप, वेग सेकंदाला पावणेदोन-दोन मीटर. तासाला सुमारे ४४ टन जातात. २७,००० टनांना सहाशेवर तास, रोज दहा तास धरले तर दोन महिने, आणि बंद पडण्याचे दिवस धरून तीन. १ फेब्रुवारीला सुरू करून एप्रिलअखेर संपवा. पाइपचे तोंड तराफ्यावरून सोडून तळापासून मीटरभर वर ठेवा, गाळ चढेल तसे उचला. वेग दीड मीटरच्या खाली गेला तर गाळ पाइपच्या पोटात बसतो. पंप थांबवण्याआधी पाच-सात मिनिटे नितळ पाणी सोडायला चुकवू नका.

पातळी बघा. १८,००० घनमीटर गाळाने १.२ हेक्टरवर पाणी दीड मीटर वर येते. एप्रिलअखेरपर्यंत नैसर्गिक उतार साधारण १.८५ मीटर. म्हणजे मे महिन्याच्या तोंडावर पातळी काठापासून ३५ सेंटिमीटर खाली असेल. जागा पुरते, पण शिल्लक थोडी. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच खड्डा सांडायला लागेल, एरवी जुलैपर्यंत थांबला असता. त्यामुळे सांडव्याचे काम आणि निवळीची तळी ३१ मे पूर्वी तयार हवीत.

सांडव्याला पाणलोट ३ हेक्टर धरून, तासाला १०० मिलीमीटरच्या सरीला सेकंदाला ०.८३ घनमीटर. २ मीटर रुंद सपाट कठड्यावरून ४० सेंटिमीटर पाण्याने ते निघते. वर ६० सेंटिमीटर मोकळे ठेवा. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला होता, म्हणून यात काटकसर नको. कठडा काँक्रीटचा, खाली दगडी पिचिंग (बसवलेल्या दगडांचा थर). नुसता जांभा वाहत्या पाण्याने पाच-सहा वर्षांत झिजतो.

---

चुनाभट्टी

बरोबर. त्यात एवढी भर घाला.

वरचा ६० सेंटिमीटर थर पंपाआधी वेगळा काढा. पक्क्या, उतार दिलेल्या फरशीवर १५-२० सेंटिमीटर जाड पसरा. टनाला साडेअठरा किलो चुनखडी किंवा शिंपल्यांची पूड आणि साडेचार-पावणेपाच किलो फक्की, आणि रोटाव्हेटरचे दोन-तीन फेरे. फक्की तातडीचे काम करते, पूड पुढचे. सगळी फक्कीच वापरली तर सुरुवातीला पीएच ११ दिसतो आणि जॅरोसाइट नंतर हळूहळू सुटतो तेव्हा चुना शिल्लक नसतो. माती ओलसर ठेवा, दोन-तीन दिवसांनी पेस्ट पीएच ७ ते ७.५ आला तरच पाइपकडे न्या. साडेसहाच्या खाली असेल तर पुन्हा फेरा.

खालचा करडा गाळ पट्ट्यापट्ट्याने काढा. आज जेवढा पंपाला जाणार तेवढाच उघडा करायचा. आपल्या दमट उन्हात ओला पायराइटी गाळ महिनाभर उघडा राहिला की पिवळा पडायला लागतो, आणि तुम्ही मोजलेला टनाला १ किलोचा आकडा खोटा ठरतो. करड्या गाळाला दूध सरळ पंपाच्या टाकीत घाला, टाकीतला पीएच ८ ते ८.५ राहील एवढे.

उत्तरेच्या भिंतीतल्या काळ्या थराकडे कुणी बघितलेले दिसत नाही. काठापासून दीड मीटर खाली, आणि पातळी उतरते २.१ मीटर. म्हणजे मार्चच्या शेवटापासून पावसापर्यंत तो दरवर्षी उघडा पडणार, गंजणार, आणि जूनच्या पहिल्या सरीत सगळे आम्ल खड्ड्यात धुऊन येणार. १.८ टक्के गंधकाचा गाळ आठ मीटर पाण्याखाली ठेवून हा पट्टा तसाच सोडणे म्हणजे मागचे दार उघडे ठेवून पुढच्याला कुलूप. पहिल्या वर्षी गाळ भरल्याने पातळी वर असते, त्यामुळे फसगत होते. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पट्टा पुन्हा दिसतो. त्यावर ६० सेंटिमीटर चिकणमाती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत ठोकून बसवा, सर्वांत आतल्या थरात शिंपल्यांची पूड मिसळा, आणि वर चिऱ्याच्या तुकड्यांची पिचिंग. हे काम मेमध्ये, पातळी सर्वांत खाली असताना. म्हणजे गाळ हलवण्याच्या आदल्या वर्षी.

---

खाणकाठ

म्हणजे क्रम असा: या मे महिन्यात चर आणि भिंत, पावसाळ्यात पायथ्याला चुन्याचे यंत्र, पुढच्या फेब्रुवारीपासून गाळ. पाँड रिकामा झाल्यावर त्या जागेचे काय? आणि खड्ड्यावर लक्ष कशाने ठेवायचे?

---

चुनाभट्टी

रिकाम्या पाँडचा तळही आंबट असतो, आम्ल मातीत उतरलेले असते. दर दहा मीटरवर अर्धा मीटर खोल नमुने घ्या आणि त्याप्रमाणे पूड नांगरून मिसळा. सरसकट आकडा देत नाही. त्यावर कोरी माती घालून उतार द्या, बांध फोडून सपाट करा, म्हणजे पाणी साठणार नाही. पायथ्याचा पाझर त्यानंतरही निदान दोन पावसाळे चालेल, यंत्र उचलू नका.

खड्ड्यात तीन खोल्यांवर नमुने: वर, मध्ये, गाळापासून मीटरभर वर. पीएच, विद्युतवाहकता, क्षारता, सल्फेट, फेरस लोह, विरघळलेला ऑक्सिजन. फेरस जागच्या जागी मोजा किंवा बाटलीत आम्ल घालून न्या, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते फेरिक होऊन तळाला बसते आणि अहवालात शून्य येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत वरचे पाणी जड होऊन खाली जाते, तळाचे वर येते; तळाशी फेरस साठले असेल तर याच काळात पाणी तांबडे होऊन पीएच पडतो. क्षारता लिटरला ५० मिलीग्रॅमच्या वर असेल तर खड्डा ते पचवतो. त्याखाली गेली तर नोव्हेंबरातच तराफ्यावरून चुन्याचे दूध फिरवा. तुमच्या खड्ड्याला दोन-चार टन पुरतील, पण एका दिवसात सगळे नको. जागोजागी पीएच ९.५ च्या वर जाऊन मासे मरतात आणि मग गावाला समजावणे कठीण.

पीएच मीटर रोज ४ आणि ७ च्या बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांना) लावून घ्या. कागदी पट्टी तांबड्या पाण्यात वाचता येत नाही.

---

तिसऱ्या_कालवं

चुना साठवण्याचे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना पावसाळ्यात आणूच नका. आपल्या हवेत पोती फुगून फुटतात, ओल लागली तर तापतात, आणि उरलेला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने परत चुनखडी होतो. विरवलेली फक्की घ्या, आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या पिशव्यांत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि एका वेळी तीन आठवड्यांपुरतीच. कळीचा चुना विरवायचाच असेल तर चुन्याच्या तीन-चार पट पाणी आधी टाकीत, मग चुना थोडा थोडा; उलटे केले की उकळून उडतो. डोळ्यांवर बंद गॉगल, आणि हाताशी नितळ पाण्याचा नळ. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटे धुवत राहायचे, मग दवाखाना.

आणि यंदा पावसाआधी एक काम करून ठेवा. पाँडच्या पृष्ठभागावर मे महिन्यात जे पांढरे-पिवळे-हिरवट क्षार फुटतात ते पहिल्या सरीत विरघळतात. वर्षातले सर्वांत वाईट पाणी त्याच दोन-तीन दिवसांत येते. वळवाच्या पहिल्या सरीपासून तीन दिवस दर चार तासांनी पायथ्याचा नमुना घ्या. वरचा ७० किलोचा आकडा पावसाळ्याच्या सरासरी पाण्याचा आहे, टाकी आणि पंप मात्र या तीन दिवसांच्या आकड्यावर निवडावे लागतील.